आनंदीबाईंचं तिसरं वर्ष: अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची एक मोडलेली संघटना

आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की त्यात आपण आणखी काय भर घालणार, असं कोणालाही वाटेल. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघालेली बोट, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंचं घर, ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश, ११ मार्च १८८६ ला पदवी, आणि वर्षभरात पुण्यात मृत्यू. हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्यातला एक साधा हिशेब मात्र सहसा कोणी करत नाही. १८८३ चा ऑक्टोबर ते १८८६ चा मार्च म्हणजे तीन सत्रं, तीन हिवाळे. त्या वेळी अमेरिकेतल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांत दोन सत्रांत डॉक्टर होता येत असे! प्रकृतीने नाजूक, पैशाची ओढ, त्यात फिलाडेल्फियाची थंडी. अशा मुलीच्या वाट्याला तिसरा हिवाळा का आला?

या प्रश्नाचा माग काढताना मी जिथे पोचलो, तिथे आनंदीबाई फारशा नाहीत. तिथे आहे मेडिकल कॉलेजांच्या अध्यापकांची एक संघटना. ती १८७६ मध्ये फिलाडेल्फियातच स्थापन झाली, सहा वर्षांत सभासदांअभावी बंद पडली, आणि १८९० मध्ये पुन्हा उभी राहिली ती आजतागायत चालू आहे. इंदूरच्या मंडळात अमेरिकेच्या संघटनेचं काय काम, असं कोणी विचारील. ज्यांनी कधी एखाद्या मंडळाची वर्गणी गोळा केली आहे ते विचारणार नाहीत. मी अभियंता म्हणून नोकरी करत असताना व्यवसायातल्या संघटनेची वहीही सांभाळत होतो. सभासद येतात कसे, त्यापेक्षा ते जातात का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

आधी पैशाचं बघू. एकोणिसाव्या शतकातलं सर्वसाधारण अमेरिकन मेडिकल कॉलेज म्हणजे गावातल्या सहा-सात डॉक्टरांनी मिळून चालवलेलं दुकान होतं. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. इमारत त्यांची किंवा भाड्याची, फी त्यांची, नफाही त्यांचाच. विद्यापीठाचं नाव दारावर असलं तरी बहुतेक ठिकाणी तो नावापुरताच संबंध. विद्यार्थी प्रत्येक प्राध्यापकाच्या व्याख्यानमालेचं तिकीट विकत घेई. शरीररचनेचं वेगळं, शस्त्रक्रियेचं वेगळं, औषधीशास्त्राचं वेगळं. नाटकाच्या तिकिटासारखी ही छापील कार्डं अमेरिकेतल्या संग्रहालयांत आजही बघायला मिळतात, त्यावर प्राध्यापकाची सही असे. पगार हा प्रकार नव्हता. जितकी तिकिटं खपली तितकं उत्पन्न.

आता अभ्यासक्रम. एक सत्र साधारण चार-पाच महिन्यांचं, हिवाळ्यातलं. पदवीला अशी दोन सत्रं लागत. पण दुसऱ्या सत्रात पुढचा अभ्यास नसे, पहिल्या वर्षीचीच व्याख्यानं तशीच्या तशी पुन्हा ऐकायची! पुस्तकं दुर्मिळ होती तेव्हा या पद्धतीला काही अर्थ असेल. १८७० नंतर तो उरला नव्हता. याखेरीज एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली मिळून तीन वर्षांची उमेदवारी दाखवावी लागे, पण त्याच्या दाखल्याची शहानिशा करायला कोणाला वेळ होता? प्रवेशाला अट म्हणावी अशी नव्हतीच. हार्वर्डमध्ये १८७० च्या सुमारास अध्यक्ष एलियट यांनी लेखी परीक्षा सुचवली, तेव्हा शस्त्रक्रियेचे ज्येष्ठ प्राध्यापक बिगेलो यांचा आक्षेप असा होता की निम्म्याहून जास्त मुलांना धड लिहिताच येत नाही, लेखी परीक्षा घेणार कशी? हार्वर्डची ही कथा, मग गावोगावच्या दुकानांचं काय सांगावं.

इथे आपल्याकडची परिस्थिती शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. आमच्या इंदूरची मेडिकल स्कूल, जिला पुढे किंग एडवर्ड यांचं नाव मिळालं, ती १८७८ ची. दोन्हीकडे शिकवणारे सरकारी डॉक्टर, म्हणजे महिन्याला ठरलेला पगार. वर्गात दहा मुलं असोत की शंभर, प्राध्यापकाच्या घरची चूल तशीच पेटणार. गुलामीत असलेल्या देशात वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा वरून हुकमाने ठरत होता, आणि स्वतंत्र देशात तो बाजार ठरवत होता. मला हा विरोधाभास फार बोलका वाटतो. हुकूम चांगला की बाजार, हा वाद मी इथे घालत नाही. पण अमेरिकेत अध्यापकांनाच एकत्र येऊन स्वतःवर नियम लादून घ्यावे लागले, ते का, हे त्यावरून कळतं.

असे प्रयत्न आधीही झाले होते. नेथन स्मिथ डेव्हिस हा न्यूयॉर्क राज्यातल्या लहान गावचा तरुण डॉक्टर. वैद्यकीय शिक्षण सुधारलं पाहिजे, ही हाक देऊन त्याने १८४६ मध्ये न्यूयॉर्कला देशभरच्या डॉक्टरांची सभा भरवायला लावली. त्यातून १८४७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन मेडिकल असोसिएशन जन्मली. तिने ठराव पुष्कळ केले. कॉलेजांनी ते ऐकले आणि आपला धंदा पूर्वीसारखा चालू ठेवला. डेव्हिस पुढे शिकागोला गेला आणि १८५९ मध्ये त्याने तिथे सहकाऱ्यांबरोबर वेगळं कॉलेज काढलं. पहिल्या वर्षी शरीररचना, रसायन असे पायाचे विषय, मग रुग्ण, अशी चढती पायरी तिथे होती. १८६७ मध्ये सिनसिनाटीला मेडिकल कॉलेजांच्या अध्यापकांची परिषद भरली. तिने असाच तीन वर्षांचा क्रमवार अभ्यास सुचवला. सगळ्यांना मान्य झाला, आणि शिकागोच्या डेव्हिस यांच्या कॉलेजाबाहेर त्याला जवळपास कोणी हात लावला नाही.

मग आलं १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी, फिलाडेल्फियात भव्य प्रदर्शन. साऱ्या देशाची रेल्वे त्या गावाकडे धावत होती. जून महिन्यात तिथेच अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं अधिवेशन होतं. त्याच अधिवेशनात सेरा हॅकेट स्टीव्हन्सन ही शिकागोची डॉक्टर प्रतिनिधी म्हणून आली आणि असोसिएशनची पहिली स्त्री सभासद झाली. अधिवेशनाच्या तोंडावर, २ जूनला, जेफर्सन मेडिकल कॉलेजात २२ कॉलेजांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी मेडिकल कॉलेजांची संघटना काढली. अध्यक्ष जेफर्सनचेच प्राध्यापक जॉन बिडल. मुहूर्त चांगला साधला होता, कारण माणसं तशीही गावात येणारच होती, वेगळा प्रवासखर्च नाही. सभासद मिळवण्याची ही युक्ती आपल्याकडची मंडळंही वापरतात: संमेलनाला जोडून आपली सभा.

(सहज आठवलं म्हणून सांगतो. याच कॉलेजातले शल्यविशारद सॅम्युएल ग्रॉस रक्ताळलेल्या हाताने वर्गाला शिकवताहेत, असं टॉमस ईकिन्सचं प्रसिद्ध चित्र १८७५ चं. शताब्दी प्रदर्शनाच्या कलादालनाने ते नाकारलं, तेव्हा ते लष्करी इस्पितळाच्या दालनात टांगलं गेलं. शिक्षण कसं चालायचं ते पाहायचं असेल तर त्या चित्रात वर अंधारात बसलेल्या मुलांकडे पाहा. शिकवणारा उजेडात आहे, शिकणारे लांबून बघताहेत.)

पहिली दोन-चार वर्षं बरी गेली. नियम सौम्य होते; बरेचसे नियम असे की चांगली कॉलेजं ते आधीपासूनच पाळत होती. सभासद होण्याने काही सोडावं लागत नव्हतं, आणि सभ्य मंडळींच्या पंगतीत बसल्याचं समाधान मिळत होतं. कुठल्याही संघटनेचा हा पहिला काळ गोड असतो.

१८८० च्या सुमारास संघटनेने आपल्या मूळ उद्देशाला हात घातला. सभासद कॉलेजांनी पदवीसाठी दोनऐवजी तीन सत्रं सक्तीची करायची. हा ठराव म्हणजे कडेलोट ठरला.

हिशेब करून बघा. एका गावात दोन कॉलेजं आहेत. एक सभासद, एक नाही. शेतकऱ्याचा मुलगा दोन हिवाळ्यांचे पैसे बांधून आला आहे. सभासद कॉलेज म्हणतं तीन सत्रं, समोरचं म्हणतं दोन. दोन्हीकडे पदवी तीच, नावापुढे लागणारी अक्षरं तीच, आणि व्यवसाय करायला बहुतेक राज्यांत कोणाचा परवानाही लागत नाही. मुलगा रस्ता ओलांडतो. त्याच्याबरोबर सहा-सात प्राध्यापकांची तिकिटं रस्ता ओलांडतात. म्हणजे संघटनेचं सभासदत्व ही प्रतिष्ठा नव्हे, दंड झाला. नियम पाळणाऱ्याला दंड, न पाळणाऱ्याला बक्षीस. यंत्रात असा जोड कोणी बसवला तर ते फार वेळ चालणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

कॉलेजं एकामागून एक बाहेर पडली. तीन वर्षांचं तत्त्व चुकीचं आहे, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. सगळे करतील तेव्हा आम्हीही करू, एवढंच. १८८२ नंतर संघटना निद्रिस्त झाली आणि आठ वर्षं तशीच राहिली. आनंदीबाई फिलाडेल्फियाला पोचल्या तेव्हा, त्याच गावात सात वर्षांपूर्वी जन्मलेली ही संघटना मुकी पडली होती.

गाव तेच आणि वर्षं तीच, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जॉन ब्यूकॅनन नावाचा एक गृहस्थ फिलाडेल्फियात कागदावरची मेडिकल कॉलेजं चालवून पदव्या विकत असे, परदेशातसुद्धा. १८८० मध्ये फिलाडेल्फिया रेकॉर्ड या दैनिकाच्या बातमीदाराने पैसे भरून पदव्या विकत घेतल्या आणि भांडं फोडलं. पुढे अटक चुकवण्यासाठी ब्यूकॅननने नावेतून डेलावेअर नदीत उडी मारून बुडाल्याचं नाटक वठवलं. नंतर तो जिवंत सापडला. म्हणजे ज्या गावात एक माणूस सत्राशिवायच डॉक्टर करत होता, तिथे बाकीच्यांनी तीन सत्रांचा आग्रह कसा टिकवायचा?

काही कॉलेजांनी मात्र तो टिकवला, आणि संघटनेच्या बळावर नव्हे. हार्वर्डने १८७१ मध्येच तीन वर्षांचा क्रमवार अभ्यास आणि लेखी परीक्षा आणली. सुरुवातीला विद्यार्थी धडाधड घटले, पण तिकिटांऐवजी फी विद्यापीठाच्या तिजोरीत आणि प्राध्यापकांना पगार, अशी व्यवस्था आधी केली होती, म्हणून धक्का सोसता आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८७७ मध्ये तेच केलं, पगारासकट. गोम इथे आहे. ज्यांनी आधी प्राध्यापकाचं पोट तिकिटापासून सोडवलं, त्यांना दर्जा वाढवता आला.

आता विमेन्स मेडिकल कॉलेज. १८५० मध्ये स्थापन झालेलं, स्त्रियांनी आणि त्यांच्या बाजूच्या थोड्या पुरुषांनी जपलेलं. त्यांच्यावरचा दाब वेगळ्या दिशेने होता. फिलाडेल्फियाच्या जिल्हा मेडिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठराव करून आपल्या सभासदांना या कॉलेजाच्या अध्यापकांशी आणि पदवीधरांशी व्यावसायिक सल्लामसलत करायला मनाई केली होती. १८६९ मध्ये इथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात रुग्णतपासणीच्या वर्गाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले. पुरुषाची पदवी हलकी असली तरी तो डॉक्टरच. बाईची पदवी हलकी असेल तर संपलं. माझ्या मते म्हणूनच या कॉलेजाने तीन वर्षांचा चढता अभ्यास इतरांच्या आधी धरला आणि सोडला नाही. डीन रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, १८७४ पासून डीन. त्यांच्या कॉलेजातली मुलगी रस्ता ओलांडून जाणार तरी कुठे? समोरच्या दुकानात तिला प्रवेशच नव्हता. आनंदीबाईंचं तिसरं वर्ष असं आलं.

१८९० मध्ये मात्र टेनेसीतल्या नॅशव्हिलला मेडिकल कॉलेजांची सभा पुन्हा भरली आणि तिला ६६ कॉलेजं आली. देशात तेव्हा सव्वाशेच्या वर मेडिकल कॉलेजं होती, म्हणजे सुमारे निम्मी. अध्यक्ष कोण? नेथन स्मिथ डेव्हिस, वय ७३. पहिल्या हाकेनंतर ४४ वर्षांनी! नियम कोणता? तीन वर्षांचाच. ज्या अटीवर आठ-दहा वर्षांपूर्वी संघटना मोडली, त्याच अटीवर तिप्पट सभासद आले.

मधल्या आठ वर्षांत प्राध्यापक सज्जन झाले, असं मानायला मी तयार नाही. बदललं ते बाहेरचं. इलिनॉय राज्याने १८७७ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा कायदा केला आणि राज्याच्या आरोग्य मंडळाला परवाने देण्याचा अधिकार दिला. मंडळाचे चिटणीस जॉन राउख हे भलतंच चिकाटीचं प्रकरण होतं. त्यांनी देशातल्या, कॅनडातल्यासुद्धा, प्रत्येक मेडिकल कॉलेजाची माहिती मागवली, छापली, आणि कोणाची पदवी आमच्या राज्यात चालेल हे ठरवायला लागले. इलिनॉयमध्ये व्यवसाय करायचा मनसुबा असलेला मुलगा कुठल्याही राज्यात शिकत असो, कॉलेज निवडताना तो ती यादी बघणार. इतर राज्यांनीही असे कायदे केले. वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यात प्रतिष्ठित कॉलेजाची पदवी ही परवान्याची एक अट होती. फ्रँक डेंट नावाच्या डॉक्टरची पदवी मंडळाने नाकारली, त्याला दंड झाला, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १८८९ मध्ये निकाल लागला: राज्याला असा अधिकार आहे. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आला १९१२ मध्ये. त्यामुळे आपल्या वाचकाला हे सगळं उगीच जुनं वाटू नये.)

निकालानंतर सव्वा वर्षात नॅशव्हिलची सभा भरली, यात मला योगायोग दिसत नाही. प्रतिष्ठित कॉलेज कोणतं, हे आता परवाना मंडळं विचारू लागली होती. संघटनेत असणं हे त्याचं सोपं उत्तर होतं. रस्त्यापलीकडच्या दोन सत्रांच्या दुकानातली पदवी आता शेजारच्या राज्यात नाकारली जाऊ शकत होती. मुलगा रस्ता ओलांडण्याआधी विचार करू लागला. सभासदत्वाला बाजारात किंमत आली.

टिकवण्याची अडचण त्यामुळे संपली असं नाही. दक्षिणेतल्या कॉलेजांना तीही अट जड वाटली. यादवी युद्धानंतर तो भाग कंगाल होता, आणि १८९२ मध्ये दक्षिणेच्या कॉलेजांनी आपली निराळी संघटना काढली. मूळ संघटनेने अट खाली आणली नाही; उलट त्याच दशकात ती चार वर्षांवर नेली. १८९५ मध्ये अध्यक्षपदी विल्यम ऑस्लर होते, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे. तिथे १८९३ मध्ये सुरू झालेल्या मेडिकल स्कूलला प्रवेशासाठी आधीची पदवी लागत होती.

या चढत्या अटींची किंमत कोणी दिली, ते सहसा सांगितलं जात नाही, म्हणून मला सांगावंसं वाटतं. सत्रं वाढली, प्रयोगशाळा सक्तीच्या झाल्या, तसा खर्च वाढला. फीवर जगणारी कॉलेजं बुडू लागली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांची पाहणी छापली, त्याने या पडझडीला वेग आला. बुडाली ती बहुतेक बुडण्याच्याच लायकीची होती, यात शंका नाही. पण त्यांच्याबरोबर इतरही गेली. फ्लेक्सनर यांच्या वेळी काळ्या विद्यार्थ्यांसाठीची सात कॉलेजं होती. त्यांतली हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. दोन हिवाळ्यांचे पैसे बांधून येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही मग डॉक्टर होणं परवडेना. स्त्रियांची कॉलेजं काही बंद पडली, काही पुरुषांच्या कॉलेजांत विलीन झाली, आणि तिथे मुलींना मोजक्या जागा मिळू लागल्या.

स्त्रियांचं म्हणून शेवटी एकच मेडिकल कॉलेज टिकलं, फिलाडेल्फियाचं. तीन वर्षांचा आग्रह धरणारं, आनंदीबाईंचं. १९७० मध्ये तिथे मुलग्यांना प्रवेश सुरू झाला आणि नावातला विमेन्स हा शब्द गेला.